साहेबांच्या टाळ्या

काल नागापूरला पुढच्या टेम्पोनं तोंडावर धूर सोडला आणि नगरजवळच्या फायरिंग रेंजवरचे आमचे साहेब आठवले.

क्षेपणास्त्राच्या शेपटीचा उजेड दुर्बिणीत धरून ते निशाण्यावर न्यायचं, हे तिथं माझं काम. त्या दिवशी वारा समोरून होता.

"साहेब, धूर दुर्बिणीच्या आड येईल. थांबू या."

"पाहुणे बसलेत, बाई. धुरानं रुबाब वाढतो!"

क्षेपणास्त्र सुटलं. त्याच्याच पांढऱ्या धुरात उजेड बुडाला, मला काही दिसेना, आणि ते भरकटून माळावर आपटलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनीही.

"लई भारी उडालं, साहेब!" एक पाहुणा म्हणाला.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर साहेबांनी सगळ्यांना सांगितलं, "बाईंचा हात हलला."

तेव्हा मी रडले होते. आता वाटतं, एवढ्याशा माणसासाठी रडणंही जास्तच झालं.