मागं न जाणारा ट्रक

लग्न होऊन मी ब्रह्मपुरीहून आलापल्लीकडच्या सासरी आले, तेव्हा घरात एकाच गोष्टीवरून भांडण चालू होतं, की ट्रक कोणता घ्यायचा. पन्नास साल नुकतंच उलटून गेलं होतं. माझे सासरे, म्हणजे मामाजी, आणि त्यांचे धाकटे भाऊ काकाजी मिळून जंगलाचे ठेके घेत. सागाचे ओंडके तोवर बैलगाडीनं डेपोत जायचे. पण त्या वर्षी मिळालेल्या जंगलात मध्येच रेतीचा नाला आणि पुढं उभा चढ होता. बैल तो चढ पाहायचे आणि तिथंच बसून घ्यायचे.

काकाजींना कोरा ट्रक पाहिजे होता. नागपूरला त्यांनी एक पाहून ठेवला होता. रंग हिरवा, आणि पुढच्या बंपरवर पत्र्याचा मोर बसवलेला. मामाजींचं मन लढाईनंतर लिलावात निघालेल्या मिलिटरीच्या ट्रकवर जडलं होतं.

"सहाच्या सहा चाकं जोर लावतात त्याचे," मामाजी म्हणायचे. "तुहा मोर काय ओंडके ओढून राह्यला?"

"दादा, तुमच्या ट्रकले दारंच नाईत म्हणे."

"जंगलात कोण येते दार वाजवाले?"

हे रोज जेवताना चालायचं. माझे यजमान जंगलात मुक्कामाला होते, ते सुटले. मी वाढायला होते, मी अडकले. शेवटी सासूबाई, आमच्या आत्याबाई, भाकरी थापता थापता म्हणाल्या, "दोन्ही दारात बोलवा. पोरीले पाह्यल्याबिगर सून केली काय आपण?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर आणखी पुढं ओढला.

दोन्ही ट्रक एकाच सकाळी आले. हिरव्यासोबत नागपूरचा विक्रेता होता, पांढरी विजार घातलेला. तो दर थोड्या वेळानं मोरावरची धूळ रुमालानं पुसायचा. मिलिटरीचा ट्रक एक निवृत्त हवालदार घेऊन आला. त्याच्या मिशा आणि ट्रक सुरू करायचं हँडल एकाच आकाराची होती. चाचणी नाल्यात घ्यायची ठरली. ओंडके तर नाल्यापलीकडे पडलेले, मग वजन कशाचं भरायचं? धानाची पोती भरली. ती कमी पडली, म्हणून गाव भरलं. पुरुष मिलिटरीच्या ट्रकमध्ये चढले आणि मोर आवडला म्हणून बाया सगळ्या हिरव्यात.

"बाई, खाली उतरा," विक्रेता आत्याबाईंना म्हणाला. "ही माल न्यायची गाडी आहे."

"मंग आमाले मालच समज," आत्याबाई म्हणाल्या आणि पोत्यावर मांडी घालून बसल्या. मी त्यांच्या बाजूला.

हिरवा ट्रक झोकात नाल्यात उतरला आणि मधोमध रेतीत रुतला. मागची चाकं खाली, मोर वर आभाळाकडे. विक्रेत्यानं जोर लावला तशी चाकं आणखी आत गेली. आत्याबाईंनी बाहेर डोकावून पाहिलं. "थांबला तं थांबला," त्या म्हणाल्या, "चिवडा काढा." आम्ही चिवडा काढला.

तेवढ्यात बाजूनं मिलिटरीचा ट्रक गुरगुरत आला आणि रेतीतून सरळ पलीकडे चढला. पुरुषांनी आरोळ्या ठोकल्या. मामाजी फाळक्यावर उभे राहून आम्हाला हात हलवू लागले, जशी काही ती आगगाडी होती.

"आता मागं घ्या हवालदार," ते म्हणाले. "साखळी बांधून बायाइले ओढून काढू."

हवालदार समोरच पाहत राहिला. "फौजेत मागं हटाची रीत नाई, भाऊ."

मामाजींना ते फार आवडलं. त्यांनी त्याला सलामही ठोकला. पण तिसऱ्यांदा सांगितल्यावर हवालदारानं हळूच कबूल केलं की रिव्हर्स गिअर लागतच नाही. पलीकडे दाट झाडी, वळायला जागा नाही. मग सगळे पुरुष घेऊन तो ट्रक पुढच्या गावावरून वळसा घालून आला. आमचा चिवडा संपला तेव्हा तो मागून उगवला. पुरुष त्या गावात चहा पिऊन आले होते आणि कोणाची तरी एक बकरीही ट्रकमध्ये होती. ती कुठं चढली ते कोणालाच सांगता येईना.

मिलिटरीचा ट्रक आमच्या पुढं आला. साखळी हिरव्याच्या बंपरला बांधली. हवालदारानं गिअर टाकला. खाडकन आवाज झाला आणि बंपर निघून गेला. आम्ही जागेवरच. मोर तेवढा एकटा नाला पार करून पलीकडे पोचला. ट्रक काही थांबला नाही, पुन्हा वळशाला निघाला. आम्ही बकरीला हात केला.

शेवटी आम्हाला बैलांनीच काढलं.

घरी आल्यावर नवीनच तमाशा. काकाजी म्हणाले, "दादा, तुमचाच घ्या, त्याच्यात दम आहे." मामाजी म्हणाले, "अरे पण मागं जात नाई तो! तुहाच घेऊ, दिसाले तरी चांगला आहे." आता दोघं एकमेकांच्या ट्रकसाठी भांडू लागले, तेही तितक्याच जोरानं. आत्याबाईंनी ताटं वाढली आणि म्हणाल्या, "जो नाल्यापार गेला तो घ्या." मिलिटरीचा ट्रक घरी राहिला. विक्रेता मोर मांडीवर घेऊन परत गेला.

ट्रकनं काम मात्र चोख केलं. ओंडके भरून तो चढ असा चढायचा की बैल खाली बसून त्याच्याकडे पाहत राहायचे. जंगलात मामाजींनी त्याच्यासाठी गोल रस्ताच पाडला. आम्हाला एकाच गोष्टीचा विसर पडला. पहिल्या दिवशी पूजेसाठी ट्रक फाटकातून अंगणात घेतला, नारळ फोडला, हळदकुंकू लावलं, आणि तेव्हा लक्षात आलं की त्याचं तोंड गोठ्याला लागलेलं आहे. सगळ्यांनी मागं ढकलून पाहिलं. तो तसूभर हलेना. रिव्हर्सचा पार्ट नागपुरात मिळेना, जबलपुरात मिळेना. मग गोठा बाजूला सरकवला आणि मागची भिंत पाडली. ट्रक समोरून यायचा, मागून जायचा.

त्यातून झालं असं, की बाजाराला जाणाऱ्यांना ती वाट जवळची पडू लागली. आधी शेजारच्यांची गाडी गेली, मग कोणाच्या तरी म्हशी. आमचं अंगण हळूहळू गावचा रस्ता झालं. एकदा सायकलवरचा एक अनोळखी जंगल-गार्ड आत्याबाईंसमोर थांबला आणि घंटी वाजवून म्हणाला, "बाई, येण्याजाण्याच्या रस्त्यावर कुरडया काऊन घालून राह्यल्या?"

आत्याबाईंनी एक ओली कुरडई उचलून त्याच्या हातावर ठेवली आणि त्याला डाव्या बाजूनं जायला सांगितलं.