तिच्याकडे तोंड करून

वाशीतला तो जुने स्पीकर विकणारा माणूस बोलताना स्पीकरवर तळहात ठेवायचा, तापातल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. ऑफिसातल्या आमच्या बँडला प्रॅक्टिससाठी स्वस्तात मोठा स्पीकर हवा होता. त्याने आमच्या गायिकेला एक ओळ गायला लावली आणि म्हणाला, “मोठा कशाला? लहान घ्या, नि हिच्याकडं तोंड करून ठेवा. सोताचा आवाज ऐकू नाय आला का मानूस वरडतो.”

आम्ही हसलो. मोठाच घेतला आणि रिकाम्या खुर्च्यांकडे तोंड करून ठेवला. ड्रम्सच्या दणक्यात ती ओरडून गायची, आणि मीच म्हणायचो, “अजून जोर लाव!” वर्षभरात तिचा घसा इतका बिघडला की गाणंच सुटलं.

परवा लहान स्पीकर आणला, गाणारीकडे वळवला. तिथे आता दुसरी मुलगी गाते. अजिबात ओरडत नाही.