बारोलोचा गाळ आणि चक्क्याचं फडकं

"सगळ्या बाटल्या हलवल्या?" मी विचारलं.

"सगळ्यो," सावंत समाधानाने म्हणाले. "तळाक गाळ बसललो. आमच्याकडे आगळाची बाटली न हलवता कोण देता?"

मी सोड्याच्या क्रेटवर बसलो. पँट्रीत खुर्ची नसते.

मस्कतला कुरुममधल्या एका हॉटेलात मी बेव्हरेज मॅनेजर आहे. म्हणजे पाण्यापासून वाइनपर्यंत जे जे ग्लासात ओतलं जातं, त्याला जबाबदार माणूस. घरी मला चहासुद्धा धड जमत नाही, असं बायकोचं मत आहे, पण ते हॉटेलात कुणाला माहीत नाही.

त्या रात्री आमच्याकडे वाइन डिनर होतं. इटलीतल्या डोंगरातला एक छोटा मळा, एकच कुटुंब, हाताने तोडलेली द्राक्षं, मोठ्या लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं मुरवलेली लाल वाइन. तिला बारोलो म्हणतात. ही मंडळी जुन्या पद्धतीची. वाइन गाळून बाटलीत भरत नाहीत, त्यामुळे तळाशी गाळ साठतो. तो गाळ कडू. म्हणून बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवायची, धक्का लावायचा नाही आणि वरची नितळ वाइन हलक्या हाताने काचेच्या सुरईत ओतायची. याला डिकँटिंग म्हणतात. कोकमाच्या आगळाचं नेमकं उलट.

सावंत मालवणकडचे. सगळी नोकरी हॉटेलच्या कॉफी शॉपमध्ये गेली, ज्यूस आणि ब्रेकफास्टवर. कॉफी शॉप बंद झालं आणि त्यांचं काँट्रॅक्ट जनरल मॅनेजरच्या, म्हणजे जीएमच्या टेबलावर अडकलं. मीच शब्द टाकून त्यांना माझ्याकडे घेतलं. आमचे जीएम मिस्टर फादी लेबनीज. ते म्हणाले होते, "डिनरला त्याला सर्व्हिसवर ठेव. मी बघतो. जमलं तर रिन्यू, नाहीतर खलास." इथे नोकरी गेली की व्हिसाही जातो. सावंतांच्या मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं. आणि माणसाने प्रेमाने प्रत्येक बाटली घुसळून ठेवली होती.

गाळ परत तळाशी बसायला एक दिवस तरी हवा होता. मी मिस्टर फादींना फोन लावला. "सर, बारोलो उद्या दिली तर?"

"उद्या सकाळी माउरोची फ्लाइट आहे," ते म्हणाले. माउरो म्हणजे त्या मळ्याचा मालक. तो स्वतः जेवायला येणार होता. "यल्ला, चल, गंमत पुरे."

आता गाळण्याशिवाय इलाज नव्हता. कॉफीच्या फिल्टर पेपरने वाइनला पुठ्ठ्याची चव येते. किचनची फडकी साबणाच्या वासाची. हवी होती जुनी, मऊ, धुऊन धुऊन विरलेली मलमल. तशी मस्कतमध्ये एकच मला माहीत होती, अल हैलला, आमच्या घरी. बायकोला फोन केला.

"सुवर्णा, श्रीखंडाचं फडकं हवंय."

"त्यात चक्का टांगलाय. उद्या माणसं जेवायला आहेत."

"उतरव. एका माणसाची नोकरी अडकलीये."

"कुणाची?"

"सावंतांची."

"मग आधी सांगायचं ना! मला वाटलं तुझी."

तिने फडकं दोनदा उकळून ठेवलं. मी गाडी काढून ते घेऊन आलो. चार पदरी घडी केली, फनेलवर धरली आणि सावंतांनी पहिली बाटली ओतली. खाली माणकासारखी लाल, नितळ धार उतरली. मी नाक खुपसलं.

"सावंत, दह्याचा वास येतो का?"

"माका तरी येणा नाय."

"तुम्हाला सर्दी आहे."

तेवढ्यात दार उघडलं. मिस्टर फादी माउरोला किचन दाखवत फिरत होते.

"हे काय चाललंय? लाँड्री?"

"आपली खास सर्व्हिस, सर," मी म्हणालो. "जुनी वाइन आपण हाताने गाळतो." कधीपासून, हे त्यांनी विचारलं नाही. बरं झालं.

माउरो साठीचा, राकट हातांचा. त्याने एक न उघडलेली बाटली दिव्यासमोर धरली. आत नुसता गढूळपणा. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग सावंतांकडे. सावंतांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. मला खरंच भीती वाटली.

"समुद्र फार खवळलेला होता वाटतं?" त्याने विचारलं.

"फार," मी म्हणालो.

खोकी विमानाने आली होती. पाठवली होती त्यानेच.

त्याने गाळलेली वाइन हुंगली, डोळे मिटले. "दूध," तो पुटपुटला. "कुठेतरी दूध आहे."

"येस, व्हेरी क्रीमी!" मिस्टर फादी लगेच म्हणाले. त्यांना अजून ग्लास मिळालाच नव्हता.

"मग हे असं आत लपून का करता?" माउरोचे डोळे मिश्किल हसत होते. "लोकांसमोर करा."

झालं. सावंतांना पांढरे हातमोजे चढवून मी हॉलमध्ये उभं केलं. पहिल्याच टेबलावर फडकं फनेलवरून घसरलं. टेबलक्लॉथवर लाल थेंब पडले. मिस्टर फादींची भुवई वर गेली. माउरो खुर्चीवरून उठला, सावंतांच्या शेजारी आला आणि फडक्याची दोन टोकं स्वतः धरली. धार सरळ झाली. पाहुण्यांनी मोबाइल काढले. पुढच्या टेबलांवर सावंतांना कुणाची गरज लागली नाही. मधेच एका बाईंनी हे कापड कुठलं म्हणून विचारलं. "फॅमिली हेरिटेज," मी सांगितलं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्टर फादींनी सावंतांच्या काँट्रॅक्टवर सही केली आणि वर मला बजावलं, की ही सर्व्हिस आता प्रत्येक वाइन डिनरला हवी. सावंत कागद घेऊन पँट्रीत आले. डोळे पुसले आणि ग्लास पुसायला लागले.

माउरोला एअरपोर्टला सोडायला मीच गेलो. गाडीतून उतरताना तो माझ्या कानाशी वाकला. "पुढच्या वेळी बोटीनेच पाठवतो. म्हणजे तुला खोटं बोलावं लागणार नाही."

नवा स्टाफ आला की मी त्यांना एवढंच शिकवतो. पँट्रीत सापडते ती चूक. तीच हातमोजे घालून पाहुण्यांसमोर केली, की सर्व्हिस.