उंदीरमास्तर

कमरेला हात लावून दारात आलेल्या माणसाला मामा बसा म्हणत नसे. तो विचारी, "तुम्ही उंदीर आहात का?" तो राहायचा त्या वलवणमध्ये त्याचं नाव उंदीरमास्तर पडलं होतं. नावात प्रेम नव्हतं.

मामा पुण्यात एका प्रयोगशाळेत होता. हाडसांधीच्या चौधारी वेलातून एकेक रेणू वेगळा करायचा आणि म्हातारपणी होतात तशी हाडं मुद्दाम ठिसूळ केलेल्या उंदरांना द्यायचा. वेल पवनानगरला आजीच्या कुंपणावरून कापून नेई. मामाच्या घरात औषध आहे, अशी लोकांची खात्री होती. एकदा शेजारचे आबा बरणी घेऊनच आले. "उंदरांना मिळतंय, आमी काय पाप केलंय?" मामाने बरणी उचलून त्यांच्या चपलांशेजारी ठेवली. आबा पुढे वर्षभर बोलले नाहीत. मामाला ते सोयीचं वाटलं.

तो पहिल्यापासून असा नव्हता. खूप आधी, आजीकडे जेवताना त्याने खुशीत सांगितलं होतं की उंदरांची हाडं भरली. आजीने विचारलं, "ह्योच येल? कुपाटीवरचा?"

"हाच," मामा म्हणाला आणि भाकरी मोडली. मी समोर बसलो होतो.

वर्षभराने आजी गोठ्याच्या उंबऱ्यात पडली. खुबा मोडला. तिच्या पत्र्याच्या डब्यात डॉक्टरांनी हाडांसाठी दिलेल्या गोळ्या निघाल्या, एकही पाकीट न फोडलेलं. ती रोज वेल तुपात परतून खात होती. मामाने विचारल्यावर म्हणाली, "तूच म्हनला न्हवतास का, हाडं भरत्यात?"

दोन महिन्यांत ती गेली. तेराव्याला माझ्या आईने भावाला सगळ्यांदेखत सांगितलं, "तुझ्या शिक्षणाने आई खाल्ली." गोळ्या घेऊनही खुबा मोडू शकला असता, हे मामाला ठाऊक होतं. तो ते बोलला नाही.

पुढे आईचीही हाडं ठिसूळ निघाली. आठवड्याला एक गोळी, उपाशीपोटी. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. मामा दर रविवारी सकाळी न बोलावता तळेगावला आमच्याकडे येऊ लागला. गोळी गिळलेली बघायचा, भिंतीवरच्या घड्याळात अर्धा तास मोजायचा आणि जायचा. सहा वर्षांत आईने त्याला एकदाही बस म्हटलं नाही.

गेल्या वर्षी मामा वारला. रविवारी आई अजून गोळी घेते आणि अर्धा तास उभी राहते. तोंड दाराकडे असतं. दाराजवळ एक खुर्ची ठेवलेली असते. तिच्यावर ती कुणाला बसू देत नाही.