पहिला कप गिळायचा

चहाच्या कंपनीत तिला सगळे ‘जीभबाई’ म्हणायचे. लांब टेबलावर रोज दीडशे वाट्या मांडलेल्या. एकेका वाटीतला चमचाभर चहा ती सुर्रर्र करून ओढायची, तोंडात घोळवायची, थुंकायची आणि निकाल द्यायची, “धूर लागलाय”, “शिळा आहे”. त्यापलीकडे तिला आताशा कशातच फरक कळत नव्हता. दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा गर्भ पडला. दुसऱ्या वेळी तर ती तिसऱ्याच दिवशी टेबलाशी हजर होती.

सासूबाईंचं निदान पक्कं होतं. “एवढा चहा रिचवल्यावर पोटात पोर टिकेल कसं? उकडून निघेल ना गं!”

“थुंकते हो मी, आई.”

“थुंकते म्हणे! पोटाला काय तुझं थुंकणं कळतंय?”

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. “हिमोग्लोबिन आठ! अकराच्या वर न्या, मग मूल राहण्याचे उपचार. रोज लोहाची एक गोळी, तीन महिने. चहा किती घेता?”

“दीडशे.”

बाईंचं पेन जागच्या जागी थांबलं. मग थुंकण्याचं आणि सासूबाईंच्या निदानाचं कळल्यावर त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. “आणि गिळता किती?”

“एकच.”

“एका कपाने मूल पडत नाही, सांगा सासूबाईंना!”

तो एक कप कधी, हे विचारायचं हसण्याच्या नादात राहूनच गेलं. चाखायच्या खोलीचा रिवाज होता: सकाळचा पहिला कप थुंकायचा नाही, पूर्ण गिळायचा, म्हणजे जीभ जागी होते. गोळी विसरू नये म्हणून तिने ती त्याच कपाला जोडून टाकली. तीन महिन्यांत एकही दिवस चुकला नाही. गोळ्या सुरू केल्या तेव्हा चाळिशीला पाच महिने उरले होते आणि चाळिशीनंतर उपचार करत नाही, असं दवाखान्याने आधीच सांगून ठेवलं होतं.

तीन महिन्यांनी आकडा आला, आठ पूर्णांक दोन.

“गोळ्या खाल्ल्यात की कुंडीत पेरल्यात?” नर्सने विचारलं.

“खाल्ल्या.”

“कशाबरोबर?”

“चहाबरोबर.”

नर्सने कपाळावर हात मारला. “अहो ताई! चहा लोह धरून ठेवतो, अंगी लागूच देत नाही. गोळी आणि चहा, मध्ये दोन तास तरी जाऊ द्या.”

“बरं,” ती म्हणाली. सध्या प्रत्येक गोष्टीला तिचं हेच उत्तर होतं.

घरी नवऱ्याने विचारलं, “काय म्हणाल्या?”

“परत तीन महिने.”

“पण आता उरलेत दोन.”

“हो.”

वाळलेल्या चादरीचं एक टोक त्याने धरलं, दुसरं तिने, आणि दोघांनी घडी घातली.

दुसऱ्या दिवशी गोळी पाण्याबरोबर घेऊन ती कामावर गेली. साहेबांनी कप पुढे सरकवला. “जीभबाई, गार होतोय!”

“पहिला कप आजपासून बंद.”

“अहो, रिवाज आहे आपला!”

“मग तुम्ही प्या.”

खोलीत हशा पिकला. ती हसली नाही. तिने कप मोरीत ओतला, विसळला आणि पालथा घालून ठेवला.