तिघं झाले, काका

काकांनी चष्मा काढून रुमालाने पुसायला घेतला, की समजायचं, आता कुणाचं तरी काहीतरी परत जाणार. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याच्यासमोर तोंड उघडण्याआधी आपण वाक्य दोनदा घोळवतो.

जर्मनीत नेकारसुल्ममधल्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत पंधरा-वीस माणसं. बहुतेक गाड्यांच्या कारखान्यांत आलेले इंजिनियर आणि त्यांची कुटुंबं. रविवारी दुपारी एका जर्मन चर्चचा हॉल चारपर्यंत मिळायचा. उपासनेत कुणाला प्रभूकडून संदेश मिळाला, तर तो उभा राहून सांगायचा. पूर्वी चार-चार जण एकदम उभे राहायचे, नुसता गलका. आमच्यातल्या वडीलधाऱ्या काकांनी शिस्त लावली.

"बायबलमधल्या पहिल्या मंडळ्यांमध्ये असंच होतं," ते म्हणायचे. "एका वेळी एक. फार तर तिघं. बाकीच्यांनी पारखायचं. आणि बसलेल्या कुणाला काही मिळालं, तर बोलणाऱ्याने थांबायचं."

जन्मभर कारखान्यात सुटे भाग तपासलेला माणूस. संदेशही तसेच तपासायचा.

एकदा मी उभा राहिलो. मूल होत नसलेल्या एका जोडप्याला, नाताळाच्या आत तुमच्या घरी पाळणा हलेल, असं छातीठोकपणे सांगून टाकलं. ती बाई रडायलाच लागली. काकांनी चष्मा काढला.

"हे प्रभूने सांगितलं, की तुला त्यांचं वाईट वाटतं म्हणून?"

मी त्या बाईकडे बघितलं.

"आणि नाही हलला, तर त्यांच्या घरी तू जाणार का? बस खाली."

बसलो. नाताळ आला आणि गेला, पाळणा काही हलला नाही. काकांचं बरोबर निघालं, हेच मला जास्त लागलं. त्यानंतर त्यांना सलाम करायचो, तोही दुसरीकडे बघत.

मग तो रविवार. तिसरा बोलणारा मीच होतो आणि, कबूल करतो, लांबण लावत होतो. मध्येच काका खुर्चीला धरून उठले. "मला जरा..."

"काका, तिघं झाले," मी म्हणालो. "नियम तुमचाच आहे."

सगळे हसले. काकाही हसले. "गेनाऊ, अगदी बरोबर. पुढच्या रविवारी," म्हणाले आणि बसले. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

गुरुवारी सकाळी काका गेले. हार्ट अटॅक.

मी भेटायला गेलो, तेव्हा काकूंनी विचारलं, "रविवारी बोलले का रे तुझ्याशी? त्याआधी आठवडाभर तेच चाललं होतं त्यांचं. म्हणायचे, पारखलं ते बरोबर, पण पोराला सगळ्यांसमोर खाली बसवलं ते चुकलं. माफीही सगळ्यांसमोरच मागायला हवी."

"वेळ संपली होती, काकू," मी म्हणालो. त्यांच्यापुढेही मला खरं बोलवलं नाही.

आता शिस्त मी सांभाळतो. तिसरा बोलून बसला, की विचारतो, "अजून कुणाला काही?" चार वाजलेले असतात, हॉलची देखभाल करणारा हाउसमाइस्टर किल्ल्या घेऊन दारात उभा असतो. कुणीच उठत नाही. तरी मी हीटरजवळच्या काकांच्या खुर्चीकडे बघत थोडा वेळ थांबतो.