नारंगीतून हिरव्यात

मावशी आमच्या नात्यातल्या कुणी नव्हत्या. अकोल्यात आमच्या घराला लागून त्यांचं घर. त्या फुलांचे हार करून विकायच्या आणि आमची फुटाण्यांची भट्टी होती. आईच्या आजारपणात आम्हा दोघा भावंडांना त्यांनीच जेवू घातलं. आई गेल्यावर माझी वेणीही त्याच घालायच्या. त्यांना मावशी म्हणायचं हे आम्हाला कुणी शिकवलं नाही.

भट्टीत पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, जळायची. कापूस निघाला की शेतकरी त्या गाड्या भरभरून आणून टाकत. कढईतली वाळू तापून तिच्यात हरभरा पडला की गल्लीभर खमंग वास सुटायचा. धूरही गल्लीभर व्हायचा, पण त्याबद्दल कुणी बोलत नसे. मावशी दोरीवरचे कपडे तेवढे आधी काढून घेत.

मी लग्न होऊन अमरावतीला आले. बाबा थकले तशी भट्टी दादाकडे गेली. त्यानं धंदा वाढवला, एकाच्या दोन कढया केल्या, भट्टी दुपारीही पेटू लागली. त्याच सुमारास मावशींची नात त्यांच्याकडे राहायला आली. तिला दमा होता.

मावशी एकदा दादाला म्हणाल्या, "बापू, दुपारची भट्टी बंद ठेवता येईन का रे? पोरीले श्वास घेता येत नाही."

"दिवाळीपर्यंत थांबा मावशी. आर्डर घेऊन बसलो आहो."

दिवाळी गेली. पोरीला दोनदा दवाखान्यात न्यावं लागलं. बाबांनीही दादाला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "बाबा, धंदा आता मी पाहून राहिलो ना? तुमी आराम करा."

मग एके दिवशी प्रदूषणाच्या कार्यालयातून माणसं आली. तक्रार होती आणि भट्टीला परवानगी नव्हती. इतक्या वर्षांत ती घ्यावी लागते हेच आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. दादाचा मला फोन आला, "मावशीनंच कंप्लेंट केली. दुसरं कोण करन?"

परवानगीचा अर्ज ऑनलाइन भरायचा होता, दादाला ते जमत नव्हतं, म्हणून मी अकोल्याला गेले. तिथंच कळलं की धूर आणि घाण पाणी किती, यावरून प्रत्येक धंद्याला एक रंग ठरलेला असतो. सगळ्यात घातक ते लाल, मग नारंगी, मग हिरवे आणि ज्यांच्यापासून जवळजवळ काही त्रास नाही ते पांढरे. पाहणीला आलेल्या साहेबांनी नीट समजावून सांगितलं. पऱ्हाट्या जाळायच्या तर आम्ही नारंगीत, म्हणजे उंच धुराडं हवं, धूळ अडवायची सोय हवी. एवढ्याशा जागेत ते शक्यच नव्हतं. गॅसवर आलो तर हिरव्यात बसत होतो. तक्रार कुणाची, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

दादानं मावशींशी बोलणं टाकलं. वहिनीलाही बोलू देईना. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा मावशी हार ओवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी नाही गेली वं माय कुठं. मले तं ते हपिस कुठं आहे हेही ठाऊक नाही."

मी येऊन दादाला सांगितलं. तो म्हणाला, "कबूल कोणी करते का?" बाबा बाजेवर बसून सगळं ऐकत होते.

गॅस आला, हरभरा भाजायचा फिरता ढोल आला, हिरव्या वर्गाची परवानगी आली. धूर थांबला. पण तोवर मावशींनी घर विकलं होतं. नातीला घेऊन त्या तेल्हाऱ्याला लेकीकडे निघाल्या. जाताना बाबांचा निरोप घ्यायला आल्या, तर बाबा लहान मुलासारखे रडले. आम्हाला वाटलं, एवढ्या वर्षांचा शेजार तुटतो म्हणून.

पुढच्या खेपेला मी बाबांना संत्रं सोलून देत होते. त्यांनी फोड हातातच धरून ठेवली.

"त्या हपिसात मी गेलो होतो," ते म्हणाले. "आटो करून."

मला आधी काही उमगलंच नाही. मग म्हटलं, "बाबा, सांगितलं काहून नाही?"

"पोराच्या इरोधात बाप गेला, हे त्याले कसं सांगू? आज सांगतो, उद्या सांगतो, करत राहिलो. वाटलं, धूर थांबला की समदं थंडं होईन. बाई घर सोडून जाईन, असं नाही वाटलं."

दादा घरी आल्यावर बाबांनी त्यालाही सांगितलं. तो चिडेल असं वाटलं होतं, पण मला एवढंच म्हणाला, "उद्या तेल्हाऱ्याले चाल माह्यासंगं."

मावशींनी आम्हाला चहा दिला. नात अंगणात पळत होती, बरीच सुधारली होती. दादानं त्यांना सगळं सांगितलं आणि त्यांचे पाय धरले. "चुकलो मावशी. घरी चला."

"घर तं इकलं ना बापू."

"आमच्याकडे राहा."

त्यांनी त्याला उठवलं. "तुया बापानं पोरीसाठी केलं. त्याच्यावर राग नको धरू."

"आन् तुमचा माह्यावरचा?"

"राग नाही रे. पण तू मले एक डाव तरी इचाराचं होतं."

परतीच्या वाटेवर दादा गाडी चालवत होता आणि मी खिडकीबाहेर पाहत होते.

मावशी पुन्हा अकोल्याला आल्या नाहीत. बाबांना तेल्हाऱ्याला जायचं होतं, पण एवढा प्रवास त्यांना झेपणारा नव्हता. एकदा मी फोन लावून त्यांच्या कानाशी धरला. दोघांनाही कमी ऐकू येतं. ते मोठ्यानं विचारत होते, "बाई, जेवल्या का?" आणि पलीकडून मावशी म्हणत होत्या, "तब्येत कशी आहे भाऊ?" मग पुन्हा तेच. बाबांना जे सांगायचं होतं ते काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. थोड्या वेळानं त्यांनी हातानंच फोन ठेव म्हणून खुणावलं.